दोनदा वाजलेला भोंगा

आमच्या मिरजेत भोंगा एकच आहे, पण त्या रविवारी मला तो दोनदा ऐकू आला.

मी तहसीनशी फोनवर बोलत होते. सकाळचे नऊ वाजले आणि फोनमधून भोंगा वाजला. "थांब गं, काय ऐकू येत नाही!" ती ओरडली. पाण्याची टाकी तिच्या नव्या घराला खेटून आहे आणि भोंगा टाकीवर. मी थांबले. तेवढ्यात तोच भोंगा माझ्या खिडकीतून आत आला, जरा उशिराने आणि दमल्यासारखा.

तहसीन शिकलगार ही माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिचे अब्बा तंबोरे बनवतात. दोन महिन्यांपूर्वी ते सगळे रेल्वे रुळांच्या पलीकडे राहायला गेले आणि तिची शाळाही बदलली. पॉडने (चालकाशिवाय आपली आपण धावणारी गाडी) तिच्या घरी जायला सव्वीस मिनिटं लागतात. फिरायला म्हणून पॉडच्या महिन्याला दोनच फेऱ्या आम्हाला मिळतात, त्यातली एक मामाकडे जाते. म्हणजे दोन महिन्यांत मी तिला दोनदा भेटले होते. मला तिची इतकी आठवण यायची की डब्यातली शेंगदाण्याची चटणी बघूनही रडू यायचं. ती चटणी कायम तिच्या वाट्याची असायची.

भोंगा थांबल्यावर ती म्हणाली, "कृत्तिका, रागावू नको हां. अब्बांनी मला छोटा तंबोरा करायला दिलाय. भोपळा घासायला दोघी लागतात. तू पडलीस लांब. शेजारच्या श्रेयाला घेऊ का?"

"घे की," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आला नव्हता, नुसतं वाईट वाटलं होतं. राग आला असता तर परवडलं असतं.

कुमुदआत्याने माझं तोंड बघितलं. आत्याने आयुष्यभर ध्वनिशास्त्राचा (आवाज कसा निर्माण होतो, कसा पसरतो याचं शास्त्र) अभ्यास केला आणि आता ती आमच्याकडे राहायला आली आहे. ती चहा वाईट करते आणि प्रश्न भलत्या वेळी विचारते. रडू लपवायला मी तिला भोंग्याचं सांगून टाकलं.

"रडणं मागाहून," ती म्हणाली. "दुसरा भोंगा किती वेळाने आला?"

"दोन सेकंद असतील."

"असतील म्हणजे? मोजलेस का? बाराला परत वाजेल, तेव्हा मोजू."

बाराला आत्यानेच तहसीनला फोन लावला. मी खिडकीत घड्याळ घेऊन उभी राहिले. फोनमधला भोंगा सुरू झाला तशी मी कळ दाबली आणि खिडकीतला आला तशी पुन्हा दाबली. दोन सेकंद!

"आता ऐक," आत्या सरसावून बसली. "फोनमधला आवाज विजेच्या आणि रेडिओलहरींच्या रूपात येतो. त्या लहरी डोळ्याचं पातं लवायच्या आत गाव ओलांडतात. फोनच्या यंत्रणेत थोडा वेळ जातो, तो पाव सेकंद धरू. खिडकीतला आवाज मात्र हवेतून येतो. हवेचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला, असं करत. हवेतून आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. मग त्याला इथे यायला किती वेळ लागला?"

"दोन सेकंद. आणि फोननेच पाव सेकंद उशीर केला, म्हणजे सव्वादोन."

"शाबास. कर गुणाकार."

मी केला. सातशे पासष्ट मीटर. मला वाटलं चुकलं. पुन्हा केला, तरी तेवढेच आले.

"पण आत्या, पॉडवर साडेआठ किलोमीटर दाखवतात!"

"दोन्ही खरं आहे. सातशे पासष्ट हे सरळ अंतर (पक्षी उडत गेला तर भरेल तेवढं). साडेआठ हे पॉडचं अंतर. मधे रुळांचं एवढं मोठं जाळं. पॉडला रुंद रस्ता लागतो, सावकाश वळण लागतं, पायऱ्या चढता येत नाहीत. म्हणून तो उड्डाणपुलापर्यंत जातो आणि वळसा घालून परत येतो. बरं, तुझं वजन तीस किलो. तेवढं न्यायला तो स्वतःचं सातशे किलोचं धूड सोबत ओढतो. बहुतेक वीज त्यातच जाते."

मी खाली जाऊन दारातल्या पॉडला विचारलं, "तहसीनकडे चालत कसं जायचं?"

"तिथे रस्ता नाही," तो गोड आवाजात म्हणाला.

"तुला नाही," आत्या मागून म्हणाली. "त्याच्या नकाशात फक्त चाकांचे रस्ते आहेत गं. तो खोटं बोलत नाही. आपणच त्याला नेहमी किती मिनिटं एवढंच विचारलं. घर कुठे आहे, हे कोणी विचारलंच नाही."

आई म्हणाली, "चालत? एवढ्या लांब?" पण आत्याने तोवर चपला घातल्या होत्या.

मालधक्क्याच्या मागे एक जुना पादचारी पूल निघाला. पायऱ्यांच्या कडेने सायकल ढकलत न्यायला पन्हळ केलेली होती. आत्या तिथे थांबून उगाच कठड्यावरून हात फिरवत राहिली. "कॉलेजला जाताना रोज इथून सायकल चढवायचो आम्ही," ती म्हणाली. "किती जणी होतो! पुढे पॉड आले आणि एकेकीचं चालणं सुटलं. भेटणंही सुटलं."

पुलावरून टाकी दिसली. एवढी जवळ, की मला खूप आनंद झाला. मी उरलेली वाट पळत गेले.

दार तहसीननेच उघडलं. तिच्या हातांना भोपळ्याचा भुसा लागला होता. तिने माझ्या मागे बघितलं.

"पॉड कुठाय?"

"मी चालत आले. पंधरा मिनिटांत."

तिचा चेहरा वाकडा झाला. "मग दोन महिने अशी चालत का आली नाहीस?"

आम्ही दोघी उंबऱ्यातच रडलो. आतून श्रेयाने डोकावून विचारलं, "मी जाऊ का?" तहसीनने नाक पुसलं. "जातेस कुठं? भोपळा कोण घासणार?"

आम्ही तिघींनी पाचपर्यंत भोपळा घासला. मग तहसीन मला सोडायला पुलापर्यंत आली. पुलाच्या मध्यावरही आमच्या गप्पा संपल्या नव्हत्या, म्हणून ती माझ्या घरापर्यंत आली. तिने एकटीने परत कसं जायचं, म्हणून मी तिला सोडायला गेले. मग मी एकटी कशी जाणार, म्हणून ती पुन्हा निघाली. पॉडने कधी कोणी कोणाला असं सोडायला गेलेलं मी पाहिलं नाही.

आत्या पुलाच्या पायरीवर बसून पॉडच्या नकाशासाठी अर्ज लिहीत होती: 'येथे रस्ता आहे. पायी जाणाऱ्यांसाठी.' आम्ही तिसऱ्यांदा समोरून गेलो, तेव्हा तिने चष्म्यावरून बघितलं.

"अगं, आता घरी जाणार कोण?"

"ही मला सोडतेय," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.