नर्सबाईंविरुद्ध एक तक्रार

डोक्यावर कमोडची खुर्ची घेऊन चाललेल्या माणसाच्या प्रेमात सहसा कुणी पडत नाही. ती पडली, आणि तेही भर चौकात. पाऊस भुरभुरत होता, वाऱ्याने तिच्या छत्रीच्या काड्या मोडून ठेवल्या होत्या. तिने त्यालाच पत्ता विचारला. तो म्हणाला, ते घर माझंच, खुर्ची बाबांसाठी आणलीय... या, खुर्चीखाली दोघं मावू.

तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा. ती शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना घरी जाऊन सांभाळणारी नर्स. आणि बाबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. पुढचे सगळे गिअर गेले तेव्हा त्यांनी भरलेली बस उलटी चालवत अकरा थांबे घेतले होते, आणि एकाही प्रवाशाला पत्ता लागला नव्हता. निदान ते तसं सांगत.

दुखणं मात्र थाप नव्हतं. बाबा दिवसभर कण्हायचे आणि मुलगा औषधाचा चमचा धरून नुसता उभा राहायचा. तिने बाबांना दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायला शिकवलं, मॉर्फिनच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या, आणि माणसाला न उठवता अंगाखालची चादर कशी बदलायची ते मुलाला दाखवलं. आठाचा आकडा तीनवर आला. चादर ताणताना दोघांची बोटं लागायची. चादर ताणून व्हायची, तरी बोटं तिथेच...

एकदा बाबांच्या उघड्या दाराबाहेर, जिन्यात त्याने विचारलं, रविवारी कॉफी प्यायला याल?

"पेशंट आहे तोवर त्या घरात नातं जोडायचं नाही, असा नियम आहे."

"आहे तोवर, म्हणजे—"

असल्या गोष्टीची वाट कोण बघणार? दुसऱ्या दिवसापासून दोघं चादर दोन टोकांना धरू लागली. बाबा मधे पडून बघत होते.

आठवड्याने तिला नर्स पुरवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात बोलावून बाबांची तक्रार वाचून दाखवली. नर्सबाई माझ्या थापांना हसतात, त्या हसल्या की मला हसू येतं आणि कुशीत कळ येते, तरी न हसणारी बाई पाठवावी. पेशंट म्हणेल तसं, म्हणून तिचं ते घर बंद झालं.

ती संध्याकाळी बॅग न घेता तिथे गेली. डोळे लाल होते.

"काका, माझं काय चुकलं?"

"काही नाही. नवी बाई पोतं उलटावं तशी मला उलटते. आकडा पाचवर गेलाय."

"मग मला का काढलंत?"

"तुम्ही दोघं थांबला असतात, आणि मला उगाच घाई करावी लागली असती."

तिला हसू फुटलं आणि रडूही. तेवढ्यात मुलगा दुकानातून आला. तिला बघून दारातच थबकला. बाबांना बघायला आलात का, असं त्याने चाचरत विचारलं.

"त्यांना बघायला नवी बाई आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला भेटायला आलेय."

बाबांनी पलंगाचा कठडा धरला आणि आपले आपण, कुणाचाही हात न घेता, भिंतीकडे तोंड वळवलं. दुखलं असणारच. पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.