ज्याची टिप त्याला

खांद्यावर दोन बोटं टेकली, म्हणजे बदली आली. रोवेनाने हातातला डाव संपवला, हलकी टाळी वाजवली, तळवे उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवले – बघ बाबा, काही लपवलेलं नाही – आणि ती टेबलापासून बाजूला झाली. लास व्हेगसच्या जुन्या भागातल्या या कॅसिनोत ती चार वर्षं पत्ते वाटत होती. हे सगळं तिने झोपेतही केलं असतं.

पण फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी बदलीला आलेला मुलगा टेबलाकडे वळायचं सोडून तिच्याकडेच तोंड करून उभा राहिला. उंच, सावळा, गळ्यातला बो वाकडा. आणि त्याने चक्क हात पुढे केला.

"मी नाहोम. आजपासून लागलोय."

आता, नवख्याला एक वेळ माहीत नसेल. पण रोवेना? चांगली मुरलेली डीलर! तिने काय करावं... तो हात हातात घेतला.

सुपरवायझरच्या मेजावर कॅमेरे बघणाऱ्यांचा फोन तत्क्षणी खणखणला. टेबलापाशी दोन डीलरांचे हात एकमेकांना लागले की चिप, म्हणजे पैशांच्या जागी चालणारी चकती, इकडची तिकडे गेली असंच धरायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. दोघांना बाह्या वर करायला लावल्या, मुठी उघडायला लावल्या, टेबलावरच्या चिपांची चळत पुन्हा मोजली. "ओळखपाळख करायची तर चर्चमध्ये जा!" सुपरवायझर खेकसला. रोजचं गिऱ्हाईक असलेला एक जाडा ट्रकवाला म्हणाला, "रोवेना, लग्न कधी?" आणि सगळं टेबल हसलं. रोवेनाचे कान तापले.

"माफ करा हं," नाहोम ओठ न हलवता पुटपुटला. "माझ्यामुळे तुमच्यावर बालंट आलं."

"आधी बो सरळ कर," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली. विश्रांतीच्या खोलीत पोचेपर्यंत तिला तळहात गरम लागत होता.

त्यांची पंचाईत अशी होती की नाहोम बदली डीलर. तीन टेबलांवर वीस-वीस मिनिटं उभं राहायचं, मग स्वतःची वीस मिनिटं विश्रांती, की पुन्हा फेरा सुरू. तो आला की ती जाणार, ती आली की तो जाणार. एका छपराखाली काम करून दोघांनी एकदाही एकत्र कॉफी प्यायली नाही. सहा वाजता सुटलं की रोवेना नर्सिंगच्या वर्गाला धावायची आणि नाहोम टॅक्सी काढायचा. राहता राहिले दिवसाचे बारा क्षण. सहा वेळा त्याची बोटं तिच्या खांद्यावर, सहा वेळा तिची त्याच्या. दर वेळी एक वाक्य, फार तर दीड. तेही एकमेकांकडे न बघता.

"आज निळी क्लिप..." तो आल्या आल्या म्हणायचा.

वीस मिनिटांनी परत येऊन ती उत्तर द्यायची, "टेबलाकडे बघायचा पगार मिळतो तुला."

"तासाला बारा डॉलर. तेवढ्यात टेबलाकडेच बघून होतं. क्लिपकडे मी फुकट बघतो."

मग तो पुढच्या टेबलावर जायचा, आणि ती तासभर मनातल्या मनात हसत पत्ते वाटायची.

बारा डॉलर हे खरंच नावाला. त्यात व्हेगसमध्ये खोलीचं भाडंही निघत नाही. डीलरचं पोट चालतं ते जिंकलेल्या माणसाने खुशीने सरकवलेल्या टिपवर. आणि टिप काय बघून येते? तुम्ही कुठे उभे आहात ते बघून! रोवेनाचं टेबल बारच्या तोंडाशी. तिथे माणूस हसतच येतो, ती त्याला नावाने हाक मारते, त्याच्या बायकोचं ऑपरेशन विचारते. तो हरतानाही चार चिपा सोडून जातो. नाहोम तिच्या जागी आला की तीच माणसं आळस देत उठायची. "रोवेना कधी येणार?" एवढंच विचारायची. वीस मिनिटांत कोण कुणाचं होतं?

तरी दोघांचं उत्पन्न सारखं होतं, कारण सगळ्यांची टिप एकाच पेटीत जायची आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या तासांप्रमाणे तेवीस डीलरांत वाटली जायची. जुनी रीत होती. कुणाला खुपत नव्हती... निदान कुणी बोलत नव्हतं.

जुलैत ते बोलणं निघालं. कोडी नावाच्या एका चलाख डीलरने विश्रांतीच्या खोलीत कागद चिकटवला – ज्याची टिप त्याला. गुरुवारी दोन वाजता मतदान.

त्या दिवसापासून खोलीची हवाच बदलली. कालपर्यंत एकमेकांच्या डब्यात हात घालणारी माणसं आता डबा आडवा धरून जेवू लागली. सगळ्यांचं लक्ष रोवेनाकडे. सगळ्यात जास्त टिप तिचीच, आणि तिचं बघून चार मतं फिरतील असं जो तो म्हणत होता.

"तुझं काय ठरलंय गं?" रुलेटच्या चाकावरच्या लूझने विचारलं. साठी उलटलेली ही बाई रोवेनाच्याच मुलखातली, फिलिपिन्सची. म्हणून रोवेना तिला तिकडच्या रीतीने 'आते', म्हणजे ताई, म्हणायची.

"आते, नको ना विचारूस."

"मी कुठे विचारतेय? माझे गुडघे विचारतायत. एवढं वय झाल्यावर माझ्याकडे बघून कोण टिप देणार आहे?"

रोवेनाने मान खाली घातली. तिला पंधरा ऑगस्टच्या आत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. एकदा पैशांपायी तिने वर्ष गाळलं होतं. या वेळी गाळलं तर जागाच जाणार. पेटी फुटली तर तिची कमाई जवळजवळ दुप्पट होणार होती.

आणि नाहोमची अर्ध्यावर येणार होती.

मंगळवारी त्याची बोटं खांद्यावर टेकली तेव्हाच तिला काहीतरी वेगळं वाटलं. जड होती.

"पेटी फुटली ना रोवेना, तर मी—"

सुपरवायझरने मान वळवली. वाक्य तिथेच तुटलं. रोवेनाने टाळी वाजवली, तळवे दाखवले, निघाली. वीस मिनिटं तिने कॉफीचा कप नुसता हातात धरून काढली. तर मी काय? तर मी काय करीन? घड्याळाचा काटा हलेना. परत येऊन तिने त्याच्या खांद्यावर बोटं टेकली.

"तर तू काय?"

"—डेन्व्हरला. भावाच्या गोदामात." टाळी, तळवे... आणि तो गेलाही.

पुढच्याच डावात रोवेनाने हरलेल्या माणसाला पैसे दिले. चार वर्षांत पहिल्यांदा! ट्रकवाला म्हणाला, "पोरी, तब्येत बरी आहे ना?"

बुधवारी ती रात्रभर घोकलेलं वाक्य घेऊनच आली. "मग माझं मत माग ना! तोंड आहे ना तुला?" असं भडाभडा बोलली आणि विश्रांतीला गेली. परत आली तेव्हा तो समोर बघत, अगदी हळू म्हणाला, "मागणार नाही."

"का? एवढा ताठा?"

"मला तुझ्याकडे दुसरं काहीतरी मागायचंय. मत मागितलं तर... ते कधीच मागता येणार नाही."

तिचं काळीज लककन हललं. "काय मागायचं—"

पण त्याने तळवे दाखवले होते. वरच्या डोळ्याला दाखवायला त्या हातांत काही नव्हतं, आणि तिला मात्र वाटत होतं, सगळं त्यातच आहे. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशीही नाही, गुरुवारी सकाळीही नाही.

दोन वाजता कोडीने बुटाचं खोकं टेबलावर ठेवलं. रोवेना चिठ्ठी घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. पेन घामाने निसटत होतं. लूझचे गुडघे आठवले. डेन्व्हर आठवलं. गेल्या वर्षी कॉलेजच्या फीच्या खिडकीवरून पैसे न भरताच परत आली होती, ती दुपार आठवली. मग तिने दात आवळून लिहिलं – ज्याची टिप त्याला. चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि ती खोक्यात टाकली.

चार वाजता निकाल लागला. तेराविरुद्ध दहा. पेटी फुटली.

चार-चाळीसला बोटं टेकली. काही न बोलण्याची मुभा होती तिला. चिठ्ठीवर नाव कुठे होतं? कोण विचारणार होतं? पण तिला राहवेना.

"नाहोम, मी माझ्या बाजूने मत दिलं. पेटी फोडायला."

खांद्यावरची बोटं क्षणभर तशीच राहिली. मग उचलली गेली. रोवेनाने बाथरूमचा दरवाजा लावून रडून घेतलं, तोंड धुतलं, परत आली. त्याने टाळी वाजवली, तळवे दाखवले आणि तिच्याकडे न बघता पुढच्या टेबलावर गेला.

शुक्रवारी खांद्यावर टेकलेली बोटं दुसरीच होती. जाडसर, घाईची. वळून न बघताही तिला कळलं.

"नाहोम?" तिने बदलीच्या बाईला विचारलं.

"सकाळी येऊन राजीनामा दिला म्हणे. मला जेवायला जायचंय, हल लवकर."

त्या संध्याकाळी रोवेनाला स्वतःची, फक्त स्वतःची टिप मिळाली. पूर्वी दोन दिवसांत मिळायची तेवढी. फीचा मार्ग मोकळा झाला होता. मत चुकलं असं तिला अजूनही वाटत नव्हतं. तरीही तिला तो माणूस हवा होता. दोन्ही खरं होतं, म्हणूनच तर जीव जात होता. एक खोटं असतं तर बरं झालं असतं!

शनिवारी बारा-चाळीसला ती विश्रांतीच्या खोलीत गेलीच नाही. कोडीचं हसणं ऐकवत नव्हतं. मागच्या दाराने बाहेर आली. ऊन असं, की भिंतीला हात लावला तर पोळेल. तिने डोळ्यांवर हात धरला... आणि समोरच्या कॅसिनोच्या कामगारांच्या दारात, लालसर जाकीट घातलेला, बो तसाच वाकडा, तो उभा होता.

ती रस्ता ओलांडून गेली. कशी गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डेन्व्हर एवढं जवळ आहे?"

"वाटेत नोकरी लागली," नाहोम म्हणाला. "काल पत्ते वाटून दाखवले, आज जाकीट मिळालं. इथे अजून सगळ्यांची पेटी एक आहे." मग थांबून म्हणाला, "तू मागच्या दाराने बाहेर येशील, असं वाटलं नव्हतं. रोज सहाला तुझ्या दाराशी थांबणार होतो आणि... रोज परत जाणार होतो बहुतेक."

"रागावला आहेस."

"होतो. गुरुवारी फार रागावलो. मग आकडेमोड केली." तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ बघत होता. त्याचे डोळे तपकिरी आहेत हे पाच महिन्यांत तिला माहीतच नव्हतं. "निकालानंतर सतरा जणांनी माझी पाठ थोपटली. 'नाहोम, आम्ही तुझ्याच बाजूने होतो.' कोडीसुद्धा! मतं किती पडली?"

"दहा."

"त्यातलं एक माझं. म्हणजे आठ जण माझ्या तोंडावर खोटं बोलले. विरुद्ध मत देऊन खरं सांगितलंस ते तू एकटीने."

"खरं सांगितलं म्हणजे काय झालं? पोटावर पाय तर दिलाच ना मी तुझ्या?"

"दिलास. आणि दिला म्हणून सांगितलंस. रोवेना, मी या गावात सहा वर्षं आहे. मला गोड बोलणारे पुष्कळ भेटले. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायची हिंमत होत नाही. तुझ्याकडे होते."

तिला रडू येईल की हसू, ते कळेना. तिने घड्याळ बघितलं. "माग मग. काय मागायचं होतं ते माग. आठ मिनिटं उरलीत."

"म्हणजे... तसं घाई नाही... लग्नाचं वगैरे लगेच असं नाही, पण—"

"नाहोम! इथे सुपरवायझर नाहीये. वाक्य पुरं कर."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर." एका दमात म्हणाला. "मी बारा-चाळीसची सुट्टी मागून घेतलीय, तुझी असते म्हणून. रोज येशील?"

"वीस मिनिटांसाठी?"

"पाच महिन्यांत सगळं मिळून आपण दीड तास बोललोय. वीस मिनिटं म्हणजे चैन आहे, बाई!"

रोवेना हसली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. "माझंही आहे प्रेम. पण ऐकून ठेव, उद्या परत मत द्यायला लावलं तर मी तेच देईन."

"देशील. आणि येऊन सांगशील."

"सांगीन."

तिने त्याचा बो सरळ केला, आणि मग बो सोडून हात त्याच्या गालावर ठेवला. रस्त्यावरून बस गेली, कुणीतरी शीळ घातली. घड्याळाकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

रोवेना टेबलावर नऊ मिनिटं उशिरा पोचली. बदलीची बाई फणकारली, सुपरवायझरने लेखी ताकिदीचा कागद तिच्यापुढे सरकवला. पाय मुरगळला, पोट बिघडलं, आईचा फोन आला... तिथे सगळे डीलर असलंच काहीतरी लिहायचे. रोवेनाने 'उशिराचं कारण' या रकान्यात खरं तेच लिहिलं आणि सही केली.