कुलपामागचं नाव

"ताई, ट्रक हालला म्हणजे संपलंच की सगळं!" वीरेश रडकुंडीला आला होता.

भूमिका अजून टेबलाचे कप्पे चाचपत होती. प्रदर्शनातल्या त्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या टेबलावर चिठ्ठी होती : 'कारागीर लंडनचे'. काल त्यांचे आजोबा चन्नाप्पा सुतार, घरच्या कानडीत अज्जा, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे माझ्या पणजोबांनी केलंय." काय हसले लोक! प्रदर्शनवाले बाळासो तर म्हणाले, "म्हातारबा, चहा घ्या आन् घरला जावा!" तेव्हापासून अज्जांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मंगळवार पेठेतलं सुतारकामाचं दुकानही बंद. आणि आता टेबल निघालं मुंबईला!

"कप्पे बघितले, तळ बघितला. कुठंच काय न्हाय!" भूमिकाला रडूच कोसळलं.

"ए पोरांनो, हात काढा!" बाळासो खेकसले. "कुलपावर लंडनचा छाप हाय, दिसतोय न्हवं?"

"छाप कुलपावर हाय, काका. टेबलावर कुठाय?" भूमिकानं विचारलं.

"एकच की ते!"

"एकच कसं? अज्जांच्या कपाटांना अलिगडचं कुलूप असतंय. म्हणून कपाट अलिगडचं झालं व्हय?"

हमाल फिदीफिदी हसले. आणि बोलता बोलता भूमिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अज्जा कुलूप सगळ्यात शेवटी बसवतात. त्याआधी कुलपाच्या खाचेत पटाशीनं तीन आडव्या रेघा कोरून विभूती लावतात. घराण्याची रीतच ती, गिऱ्हाइकाला कधी सांगायची नाही. म्हणूनच अज्जांनी काल खुणेचं सांगितलं नाही!

"काका, एवढं कुलूप काढू द्या. काय सापडलं न्हाय, तर सगळ्यांसमोर माफी मागीन!"

बाळासोंनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. बास!"

हमालानं दिलेल्या पेचकसानं तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला, जाम हलेना! बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. भूमिकाची बोटं सोलली, तरी तिनं जोर सोडला नाही. कर्रर्र! कुलूप सुटलं.

आत तीन रेघा होत्या! खाली कोरलेली कानडी अक्षरंही होती. वीरेश धूम पळाला आणि अज्जांना घेऊनच आला.

अज्जांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "गुरुसिद्धाप्पा," ते कसंबसं म्हणाले. "माझा पणजोबा."

बाळासोंनी खाली मान घातली. "अण्णा, चुकलो मी. कुलूप बघून मोकळा झालो. तुमच्या नातवंडांनी डोळे उघडले. शाब्बास रं पोरांनो!" त्यांनी जुनी चिठ्ठी टराटरा फाडली, कोरा कागद घेतला. "सांगा अण्णा, काय लिहू?"

अज्जांनी हसून भूमिकाच्या पाठीवर हात ठेवला.

मग भूमिकाच पुढं झाली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिहा काका! गुरुसिद्धाप्पा सुतार, मंगळवार पेठ, कोल्हापूर!"