सासूबाईंची टेप

त्या दिवशी मी लाँड्रीतून पोशाख आणायला गेले होते. आमच्या पंथाच्या इतिहासाचं नाटक दरवर्षी गावाबाहेरच्या उतारावर, उघड्या आभाळाखाली होतं आणि त्यात आमचं अख्खं घर असतं. सासरे म्हातारे पुढारी, नवरा नावाडी, मी मुलांना घेऊन नदी ओलांडणारी आई. आणि या वर्षी पहिल्यांदाच आमची खारू. एका जागी बसत नाही, म्हणून हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू.

उघड्यावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. म्हणून सगळे संवाद फार पूर्वीच टेपवर घेतलेत. आम्ही नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे मोठे करायचे. टेपवरच्या आईचा आवाज माझ्या सासूबाईंचा आहे. त्या गेल्या तेव्हा खारू माझ्या पोटात होती. भूमिका माझ्याकडे आली, आवाज त्यांचाच राहिला. मी एकदा विषय काढला होता. "तेवढाच उरलाय तिचा," नवरा म्हणाला.

घरची तालीम स्वयंपाकघरात चालायची, टेबल आणि ओटा यांच्यामधून नदी वाहायची. खारूला आवाज न काढता ओठ हलवायला शिकवताना आमच्या नाकी नऊ आले. सासरे समजवायचे, "बोलायचं नाही गं बाळा, बोलल्यासारखं करायचं."

"पण आजोबा, मग ऐकणार कोण?"

शेवटी जमलं एकदाचं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तर त्या दिवशी लाँड्रीतून मी थेट उतारावरच्या तालमीला गेले; खारू आणि घरचे आधीच पोचले होते. दुपार होती, आभाळ भरून आलेलं. कापलेल्या गवताचा आणि तापलेल्या वायरींचा वास येत होता. नदी म्हणून निळं कापड अंथरलेलं. कर्ण्यातून सासूबाई बोलल्या, "पोरांनो, हात सोडू नका. पलीकडे गेल्याशिवाय मागे बघू नका." मी ओठ हलवले. यानंतर टेपवर थोडी शांतता असते, नवरा वल्हं उचलतो तेवढी.

त्या शांततेत आवाज आला. "खारू..."

माझे ओठ मिटलेले होते.

"खारू... ये ना..."

खारूनं माझा हात सोडला आणि ती कर्ण्याच्या खांबाकडे चालू लागली. मी धावत जाऊन तिला उचललं. "आजी बोलावतेय," ती म्हणाली. आवाज तिनं कधी ऐकला होता तर टेपवरच, आणि टेपवर तिचं नाव असायचं काही कारण नव्हतं.

साउंडवाल्यानं टेप मागे नेऊन पुन्हा लावली. नुसती खरखर. "वहिनी, टेपवर एवढंच आहे," तो म्हणाला. नवऱ्यानं मला हळूच विचारलं, "तू ऐकलंस ना?" त्याचा चेहरा खुलला होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"खारू नाटकात नाही," मी सांगून टाकलं.

"अगं, आई तिला काय करणार आहे? तिनं तर नातीला बघितलंही नव्हतं."

"म्हणूनच."

प्रयोगाच्या संध्याकाळी खारूला शेजारच्या काकूंजवळ घरीच ठेवलं. उतार माणसांनी भरला होता. सासूबाईंचं वाक्य झालं, शांतता आली, आणि मला वाटलं होतं तसंच झालं. "खारू..." प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. मी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. हाक मारू देत कितीही, पोर इथे नाहीच.

"आले आजी... थांब ना."

कर्ण्यातून आला तो आवाज. माझ्या खारूचा.

नवऱ्याच्या हातातलं वल्हं पडलं. आम्ही तसेच, पोशाखातच घरी पळालो. काकूंनी दार उघडलं. "गुणाची पोर हो. मघापासून चकार शब्द नाही." खारू मला येऊन बिलगली. हात नाचवत मला काहीतरी मोठं सांगू लागली. ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. मी आता रडत नाही. रडू येईल असं आतून काही हलतच नाही. नवरा टेप घरी घेऊन आलाय. संध्याकाळी दिवा लावला की तो ती लावतो. मीही खारूला मांडीवर घेऊन बसते, कारण तिचा आवाज फक्त तिथंच मिळतो. त्या शांततेत आजी-नात हळू आवाजात बोलत असतात. खारू मांडीवर ओठ हलवते, आणि टेपवरच्या तिच्या शब्दांशी ते अगदी जुळतात.

काल मात्र ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. टेपवर तिचा आवाज चालूच होता, जरा लांबून.

"आजी... आईच्या मांडीवर ती कोण बसलीय?"