निचऱ्याचं भोक

थोरल्या बाईंची डबे पारखायची रीत ठरलेली होती. नवा डबा आला की आत वर्तमानपत्राची कोरडी घडी ठेवायची, झाकण आवळायचं आणि कारखान्यामागच्या अंगणात तासभर त्याच्यावर नळीने पाण्याचा मारा करायचा. मग झाकण काढून ती घडी गालाला लावून बघायची. कामाची बोटं निबर होतात, त्यांना ओल कळत नाही. गालाला कळते.

त्या दिवशी टेबलावर तीन नमुने होते. एक पत्र्याचा, एक प्लास्टिकचा आणि एक जाड पारदर्शक झाकणाचा. तळ्याकाठच्या पायवाटेवर रोषणाई करायची होती. दिव्यांना नाचवणारा कंट्रोलर आणि त्यांना वीज पुरवणारा सप्लाय या डब्यांत बसणार होते, आणि डबे ऊन-पाऊस खात कठड्याला टांगून राहणार होते.

"हा सहासष्ट नंबरचा आहे, आई," पत्र्याच्या डब्यावरची चिठ्ठी वाचून सूनबाई म्हणाली. "धूळ नाही, पाणी नाही, काही आत शिरत नाही."

"असेल बाई. पण पावसाला कुठे वाचता येतं? मलाही येत नाही. म्हणून तर आमचं दोघांचं चांगलं जमतं."

सूनबाई हसली. तिने डबा उलटा केला. तळाला तांदळाएवढं भोक होतं. "हे मात्र बुजवायचं नाही हं. दिवसा उन्हाने डबा तापतो, रात्री गार पडतो, मग आतून घाम सुटतो. ते पाणी इथून निघून जातं."

बाईंचा हात कागदाच्या घडीवरच थांबला. "मला नको शिकवूस," त्या म्हणाल्या आणि नळी सुरू करायला उठल्या. नळी तर सुरूच होती.

मागच्या वर्षी याच तळ्यावर त्यांचे धाकटे दीर गेले. डब्यात पाणी साठलं, वीज लोखंडी कठड्यात उतरली आणि भाऊजींनी कठड्याला हात लावला. "झाकण त्यांनीच अर्धवट लावलं असणार, घाईचं काम," असं बाईंनी तिसऱ्याच दिवशी चारचौघांत सांगितलं. वर्षभर तेच सांगत आल्या. भाऊजींची बायको, बाईंची धाकटी जाऊ, त्याच घरात राहायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिच्या कानांवर ते पडायचं. ती मान वर करायची नाही.

एक गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. तो डबा त्यांच्याच हाताखालून गेला होता. तळाचं भोक त्यांना दिसलं होतं. पावसात टांगायच्या डब्याला भोक कसलं ठेवता, मेल्यांनो, असं पुटपुटत त्यांनी करड्या पुट्टीची गोळी घेतली आणि उजव्या अंगठ्याने दाबून बसवली. मग तासभर पाणी मारलं. कागद कोरडा निघाला. बाई खूश झाल्या होत्या.

पत्र्याचा डबा पसंत पडला. तसेच नऊ मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसताना बाईंनी सहज नमुना उलटा केला. भोक बुजलेलं होतं.

करडी पुट्टी. तिच्यावर अंगठ्याचा ठसा, आणि ठशाच्या मधोमध आडवी रेघ. बाईंच्या उजव्या अंगठ्याला पत्र्याने कापल्याचा तसाच आडवा वण होता. सही शिकायच्या आधी त्यांनी कितीतरी कागदांवर तो अंगठा उठवला होता. तो ठसा त्यांनी झोपेतही ओळखला असता.

त्यांनी डोक्यातली पिन काढून पुट्टी खरवडली आणि गटारात टाकली. पुट्टीचा डबा तर भाऊजी गेल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी स्वतः भंगारात दिला होता. तेव्हापासून कारखान्यात पुट्टी आलीच नव्हती.

"पुट्टी आणलीस का रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"कशाला आणू? तूच तर बंद केलीस."

त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा गार झाला. धाकटीने न बोलता तो पुन्हा गरम करून आणून ठेवला, तोही गार झाला. बाई टेबलाभोवती घुटमळत राहिल्या. त्यांनी दहादा डबे उलटे केले, दहाही वेळा भोकं मोकळी होती. हात धुऊन आल्या आणि पाहिलं, तर तिन्ही बुजलेली. तिन्हींवर आडवी रेघ.

तिसऱ्या दिवशी नऊ डब्यांची खोकी आली. चिकटपट्टी शाबूत होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि एकेक खोकं फोडलं. प्रत्येक डब्याच्या तळाला पुट्टी होती. त्यांनी पिनेने नऊही भोकं साफ केली, फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिली. नऊ बारीक ठिपके उजेडाचे.

दुपारी मुलाने गाडी दारात लावली.

"काय गं, डब्यांची दृष्ट काढतेस की काय?"

"बडबडू नकोस. भर गाडी."

एकेक डबा उचलला की बाई आडव्या येत, खालून करंगळीने भोक चाचपत आणि मगच सोडत. आठ डबे गेले. नवव्याच्या तळाशी करंगळीला काहीतरी मऊ लागलं.

पुट्टी ताजी होती. कोमट होती.

"थांब," बाई म्हणाल्या.

"आता काय? उन्हं उतरायच्या आत पोचायचंय मला."

मुलगा हा डबा कठड्यावर बसवणार होता. मग हात टेकवून खाली वाकून बघणार होता, काकांसारखाच.

"मागच्या वर्षीच्या डब्याचं भोक मी बुजवलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्या अंगठ्याने. तिथे पोचलास की आधी नऊही भोकं बघ. वीज सोडायच्या आधी पुन्हा बघ. बघितल्याशिवाय कठड्याला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

मुलगा त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होता.

दारात धाकटी उभी होती.

ती आत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातांत जुना डबा होता.

"चौकशी झाल्यावर चौकशीच्या माणसाने हा मला परत दिला," ती म्हणाली. "पाणी ओतून, पुसून, झाकण लावून. चारही स्क्रू घट्ट होते, ताई, असं तो माणूस म्हणाला होता. वर्षभर तुम्ही विचारलं नाहीत. मी बोलले नाही."

तिने डबा अंगणातल्या विटांच्या दोन चळतींवर ठेवला आणि झाकण काढलं.

आत बोटभर पाणी होतं. स्वच्छ, आत्ता भरल्यासारखं.

मुलाने वाकून खालून पाहिलं. "भोक तर मोकळं आहे, आई."

बाईही वाकल्या. पुट्टी नव्हती. भोकातून पाणी चमकताना दिसत होतं, पण पडत नव्हतं. त्यांनी भोकाखाली अंगठा धरला.

कोरडा.

धाकटी त्यांच्याकडे बघत होती.

बाईंनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

"भाऊजींनी झाकण नीटच लावलं होतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. चूक माझी होती."

अंगठ्यावर थेंब पडला.

मग दुसरा. मग सावकाश, एकामागून एक. धाकटीने बादली आणून खाली लावली. नवव्या डब्याची पुट्टी मुलाने काढली. बाईंनी भोक पुन्हा एकदा चाचपलं आणि गाडी सुटली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. डबे बसले होते, दिवे लागले होते, तळ्याकाठी माणसं जमली होती.

"भोकं?"

"मोकळी आहेत, आई. तीनदा बघितली. तू आता स्वस्थ बस बरं."

बाईंनी फोन ठेवला. अंगणात धाकटी भरलेली बादली बाजूला ओढून रिकामी बादली विटांमध्ये सरकवत होती.

"कितवी गं ही?"

"चौथी."

बाईंनी डब्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी अजून बोटभरच होतं.