निरोगी नमुना क्रमांक एक

'निरोगी माणूस' म्हणजे नेमकं काय, हे मानवजातीला पहिल्यांदा अचूक कळलं ते नलवाड्याच्या सरकारी रुग्णालयात. ते डॉ. विश्वंभर कुळथे यांच्या कमरेतून सुईने काढलेलं होतं. साधारण दोन चमचे.

कुळथे हे रुग्णालयाचे डीन. 'निदानिका' हे यंत्र आलं, तेव्हा कंपनीच्या अभियंत्याने एक निरोगी नमुना मागितला. यंत्राचं काम असं : रुग्णाच्या मणक्यातलं पाणी घ्यायचं, त्यात तरंगणारा जनुकांचा तुकडा न् तुकडा वाचायचा आणि मेंदूत कोणता जंतू शिरलाय ते चाळीस मिनिटांत सांगायचं. पण नळ्यांत, हवेत, कातडीवर शेकडो फालतू जीव असतातच. म्हणून आधी एका धडधाकट माणसाचं पाणी वाचायचं आणि त्यात जे जे सापडेल ते निरुपद्रवी समजून पुढच्या प्रत्येक रुग्णातून वजा करायचं. अभियंत्याच्या डोळ्यांसमोर विशीतला एखादा विद्यार्थी होता. पण साहेब असताना पहिला मान विद्यार्थ्याला? फीत साहेबांनी कापली, नारळ साहेबांनी फोडला आणि त्याच आठवड्यात हर्नियासाठी त्यांना मणक्यात भूल द्यायची होतीच. सुई आयती आत गेलेली. पाणी निघालं, फोटो निघाला, पेढे वाटले गेले.

त्याला आठ महिने झाले. एका मंगळवारी सकाळी मेंदूविकार विभागाची डॉ. हेमांगी तळवेलकर अकरा नंबरच्या खाटेपाशी आली. खाटेवर जिजा भालेकर, वय एकेचाळीस, एसटीत कंडक्टर.

"कसं वाटतंय जिजाताई?"

"पुढे सरका," जिजा म्हणाली. "मध्ये जागा आहे."

दोन महिन्यांपूर्वी तिने रस्त्यावर नसलेल्या गावांची तिकिटं फाडायला सुरुवात केली होती. मग डोकेदुखी, मग उलट्या. आता नवऱ्याचं नावही गेलं होतं.

"रात्रीपासून मला तिकीट मागतीय," नवरा म्हणाला. तो शिंपी होता. गळ्यातली टेप काढायचं भान त्याला उरलं नव्हतं. "म्हटलं, अगं माझा पास आहे. तर म्हणते, दाखवा." तो हसला आणि हसता हसता थांबला. "मॅडम, उद्या खरंच येड्यांच्या दवाखान्यात नेणार हिला?"

निदानिकेने तीनदा सांगितलं होतं : निरोगी. नियमाप्रमाणे, मेंदूत जंतू नाही आणि माणूस ताळ्यावरही नाही, म्हणजे मनोरुग्णालय. गाडी उद्या दहाची होती. दुसरं काही करायची सोय नव्हती, कारण जुन्या तपासण्या परिपत्रकाने बंद झाल्या होत्या आणि यंत्राचा अहवाल किंवा डीनसाहेबांची सही असल्याशिवाय भांडार औषध सोडत नव्हतं.

हेमांगी जिजाच्या पाण्याचा उरलेला नमुना घेऊन तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे सोनटक्केमामा, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले तंत्रज्ञ.

"मामा, काळ्या शाईची तपासणी करायचीय."

"बंद आहे."

"सूक्ष्मदर्शक जमा केलात?"

"केला की. कागदोपत्री." मामांनी कपाटाची किल्ली काढली.

काचपट्टीवर एक थेंब पाण्याचा, एक थेंब शाईचा. मामांनी डोळा लावला, उचलला, पुन्हा लावला. मग बाजूला झाले. हेमांगीने पाहिलं. काळ्याभोर शाईत गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती शाई शिरू न शकलेलं पांढरं कडं.

"बुरशी," ती म्हणाली. "कबुतराच्या विष्ठेतली. डेपोच्या छपराला काय कमी कबुतरं आहेत! मामा, ही बरी होणारी बाई आहे. यंत्राला एवढं दिसलं नाही?"

मामांनी पडद्यावर वजाबाकीची यादी उघडली. बराच वेळ बोट खाली सरकत राहिलं.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "वजा केलं."

तीनशे सातव्या ओळीत तीच बुरशी. निरुपद्रवी. आधार : निरोगी नमुना क्रमांक एक.

मामा स्टुलावर बसले. "म्हणजे साहेब..."

"दिवाळीआधीच्या शोकसभेत हसले होते," हेमांगी म्हणाली.

"आपणही हसलो होतो."

"आपण ते हसले म्हणून हसलो, मामा."

स्नेहसंमेलनात साहेबांनी एकच भाषण लागोपाठ दोनदा केलं होतं. टाळ्याही दोनदा पडल्या होत्या. हल्ली ते काहीही न वाचता सही करत. साहेब मवाळ झाले, असं सगळे कौतुकाने म्हणत. दोनशे डॉक्टरांच्या देखत माणसाचा मेंदू विझत होता आणि कुणी हातोडीने त्याचा गुडघाही ठोकून पाहिला नव्हता. त्या दोनशेंत हेमांगीही होती.

हेमांगी वर गेली तेव्हा साहेबांच्या खिडकीत ज्वारी पसरलेली होती आणि कबुतरं घुमत होती. ते कपाळ दाबत बसले होते.

"सर, तुमच्या मेंदूत संसर्ग आहे. उपचार आजच सुरू करायला हवेत."

"यंत्र काय म्हणतं?"

"निरोगी म्हणतं."

"मग झालं तर!"

"सर, निरोगी म्हणजे काय, हे यंत्राला तुमच्यावरूनच शिकवलंय."

साहेबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. त्यांना काहीतरी उमगतंय, असं तिला क्षणभर वाटलं. मग ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्ही कोणत्या विभागाच्या?"

तीन वर्षं ती रोज त्यांच्यासमोर हजेरी लावत होती. तिने औषधाचे दोन मागणीअर्ज पुढे केले. एक जिजाचा, एक त्यांचा. साहेबांनी दोन्हींवर न वाचता सही केली.

जिजाची गाडी रद्द झाली. सोळाव्या दिवशी तिने नवऱ्याला नावाने हाक मारली आणि गळ्यात टेप घालून गावभर का फिरता, म्हणून झापलं. साहेबांना महिना लागला.

'निरोगी' ठरवून घरी पाठवलेल्या दोनशे तेरा जणांचे जपून ठेवलेले नमुने मामांनी एकेक करून शाईत पाहिले. पाच निघाले. चौघांना परत बोलावता आलं. पाचव्याच्या घरी हेमांगीने स्वतः फोन केला. त्याच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे आता कशाला सांगताय?"



पूर्ण बरे होऊन रुजू झाल्यावर साहेब पूर्वीसारखे प्रत्येक कागद वाचू लागले. आपले वरिष्ठ भानावर नसताना त्यांची सही घेतल्याबद्दल हेमांगीला नोटीस आली. चौकशी समितीने त्या काळातल्या साहेबांच्या सगळ्या सह्या अवैध ठरवल्या, जिजाच्या औषधावरचीसुद्धा. निदानिका ताब्यात घेतल्याची त्याच काळातली सही तेवढी वैध धरली.