झाकणाखालचा शब्द

नाटक मूळ जर्मन, लोकांना पोट धरून हसवणारं. त्याचं डच झालं, डचवरून बटाव्हियात मलय झालं आणि सुराबायाच्या टान तौकेच्या नाटक मंडळीत ते पुढे तीस वर्षं चाललं. वाटेत काकाचा मामा झाला, बर्फाच्या जागी पाऊस आला. एक शब्द तेवढा कुणी बदलला नाही.

दुसऱ्या अंकात गावाकडचा मामा जेवायला बसतो. मोलकरीण झाकलेलं भांडं आणते. "यात काय आहे गं?" मामा विचारतो. ती झाकण उचलून तो चार अक्षरी शब्द बोलते आणि थिएटर हसून कोसळतं. शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

तुमिराह रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं सुचवायची. मंडळीत सगळे तिला म्बोक, म्हणजे आई, म्हणत. डोळ्यांसमोर नटांचे घामट पाय, नाकात दिव्यांची काजळी. पाठीमागच्या फटीतून तिला प्रेक्षक दिसत. नाटकभर ते माणसांसारखे हसत. त्या एका शब्दाला मात्र त्यांचे जबडे सैल पडत, पानाची लाल लाळ हनुवटीवरून ओघळे आणि ती पुसायचं कुणाला सुचत नसे. आवाज हसण्याचा कमी, ओकारीचा जास्त. तुमिराहला शिसारी येई. ती मान फिरवायची.

मोलकरणीचं काम मिंतेन तीन वर्षं करत होती. पहिल्या वर्षी तिने मांस सोडलं, दुसऱ्या वर्षी भात. आता ती अंथरुणाला खिळली होती. तुमिराह भेटायला गेली, तर खोलीत खवट खोबऱ्याचा आणि ओल्या केसांचा वास. पिकदाणीत काळपट, तार सुटलेला चिकटा. त्यावर माशीसुद्धा बसत नव्हती.

"चव जात नाही, म्बोक," मिंतेन म्हणाली. "त्या शब्दाची. खापरीने जीभ खरवडली, तरी जात नाही."

दुसऱ्या दिवशी तौकेने, म्हणजे मालकाने, जाहीर केलं, "रविवारपासून मोलकरणीचं काम तुमिराहची मुलगी लास्मी करेल."

"तौके, दुसरी कुणी बघा ना."

"का? पोरगी वीस वर्षांची झाली, अजून पडद्यामागे झाडूच मारतेय. तुला खड्ड्यात राहायची हौस. तिला तरी वर येऊ दे की!"

लास्मीचा चेहरा असा फुलला होता, की तुमिराहला पुढे बोलवेना.

जुन्या बाजारात एक जर्मन घड्याळजी होता. त्याच्याकडे मूळ नाटकाचं पुस्तक होतं. तुमिराहने विचारल्यावर डोळ्याला भिंग लावून त्याने ते पान काढलं.

"मोलकरीण झाकण उचलते. भांडं रिकामं असतं. लोक हसतात."

"आणि ती बोलते काय?"

"काही नाही, बाई. लिहिणाऱ्याने तिला तोंडच दिलेलं नाही."

"मग आमच्या पुस्तकात तो शब्द कुठला?"

"आमचा नाही," घड्याळजी म्हणाला आणि पुस्तक मिटून टाकलं.

तुमिराहने घरी येऊन वाक्यं सुचवायची आपली वही उघडली. ती म्हाताऱ्या क्वीच्या तिरक्या हातची होती. मलय भाषांतर त्यानेच उतरवून आणलं होतं. त्यानेच तिला चाळिशीत अक्षरं शिकवली आणि सगळ्यात आधी हाच शब्द वाचायला दिला. "बाकीचे तू अंदाजाने ओळखशील, लबाड कुठली! हा नाही ओळखता येणार. हा वाचलास, की खरं वाचता आलं." तिने तो ओठ मिटून मनातच वाचला होता, आणि त्या शब्दाला आजवर कुणी नट अडला नव्हता. तो म्हातारा शेवटचं वर्षभर नुसता थुंकतच होता. ते तिला आत्ता आठवलं.

तिने शब्दावर शाई फासली आणि वर लिहिलं, 'रुजाक'.

"रुजाकला कोण हसणार, म्बोक? चिंचगुळातली फळं ती, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात." लास्मीला वाचता येत नव्हतं, पण खेळ तिला तोंडपाठ होता.

"न हसू देत. तो शब्द तोंडातून काढायचा नाही. माझी शपथ आहे."

रविवारी चारचा खेळ लागला. दुसरा अंक. भांडं आलं.

"यात काय आहे गं?"

"रुजाक, मामा."

कुणी हसलं नाही.

मामा घास हातात धरून थांबला. प्रेक्षकांच्या हातातले पंखे थांबले. तुमिराहने फटीतून पाहिलं. जबडे आधीच सैल पडले होते. सगळी तोंडं उघडी, आणि आवाज नाही.

लास्मीने घाबरून खाली खड्ड्याकडे बघितलं.

वीस वर्षांची सवय. नट अडला, की तुमिराहचं तोंड आपोआप हलायचं.

ते हललं.

थिएटर फुटलं. तुमिराहच्या जिभेवर कुजक्या चरबीचा थर बसला आणि घशात ओला केस अडकल्यासारखं झालं. तिने खड्ड्यातच ओकारी काढली. पण मनात एकच होतं: पोरीने उच्चारला नाही. पोरगी सुटली.

सकाळी लास्मीने भात वाढला. स्वतः पोटभर जेवली, बोटं चाटली. तुमिराहने ताट दूर सारलं. पण पोरगी जेवतेय हे पाहून तिला हायसं वाटलं.

मग लास्मी ओल्या बोटाने पाटावर काहीतरी गिरवू लागली. चार अक्षरं. तिरकी, म्हाताऱ्या क्वीच्या वळणाची, शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी.

"हे काय लिहिलंय गं, म्बोक? उठल्यापासून नुसतं बोटात येतंय."

तुमिराहने खांद्यावरचं कापड तोंडात कोंबलं.

लास्मी उत्तरासाठी थांबली. तिचा जबडा हळूहळू सैल पडत चालला होता.